आठशे बारा ओळी

५ फेब्रुवारी

मामा,

आधीच कबूल करते, काम पडलं की मगच मला तुझी आठवण येते. आई म्हणाली, "मामाला विचार, त्याने उभा जन्म यातच घालवलाय." मी म्हटलं, फोन करते. तर म्हणे फोन शेजाऱ्याचा, त्यावरही त्याला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तो स्वतःच्या मनाने भरतो. ईमेल करावा तर कळलं की तू संगणकच शाळेला देऊन टाकलास. धन्य आहेस! म्हणून हा कागद. अक्षराला हसू नकोस, कॉलेज सुटल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही.

काम असं आहे. मी आता रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात सर्व्हर सांभाळते. शहरात कुणालाही काही झालं की फोन आमच्याकडे येतो. चौदा जण हेडफोन लावून बसलेले असतात. पत्ता टिपतात, पडद्यावरचं 'गाडी पाठवा' बटण दाबतात आणि जवळच्या गाडीतल्या टॅबलेटवर निरोप जातो. फोन कधी आला, कुणी घेतला, बटण किती वाजून किती सेकंदांनी दाबलं, सगळ्याची एकेक ओळ सर्व्हर लिहून ठेवतो. लॉग म्हणजे काय ते मी तुला काय सांगायचं म्हणा.

गोची ही की लॉग लिहिणारं आमचं जुनं सॉफ्टवेअर आता दमलंय. गर्दीच्या वेळी सेकंदाला हजारो ओळी येतात आणि ते धापा टाकतं. साहेब म्हणाले, महिनाभरात नवीन निवडा. दोन माझ्या नजरेत भरलीत. खरी नावं राहू देत, मी त्यांना माझी नावं ठेवलीत. एक आहे 'कारकून'. तो प्रत्येक ओळ डिस्कवर पक्की लिहून घेतो आणि मगच पुढची हातात घेतो. गर्दी झाली की सगळ्यांना थांबवून ठेवतो. दुसरा 'उडाणटप्पू'. तो कुणालाही थांबवत नाही, ओळी भराभर घेतो आणि पुढे ढकलतो. हात भरले की जास्तीच्या ओळी सरळ टाकून देतो.

सांग, कुणाच्या गळ्यात माळ घालू?

तुझी भाची


१२ फेब्रुवारी

चि. बडबडीस,

पत्र मिळालं. अक्षर वाईट आहेच, पण तुझ्या आईपेक्षा बरं. तिची वाण्याची यादी वाचायलासुद्धा मला चष्मा बदलावा लागायचा.

आता ऐक. तुम्ही हल्लीची पोरं सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न विचारता, किती वेगाने पळतं? अगं, रिकाम्या रस्त्यावर सगळेच पळतात. तू एवढंच विचार, की तुडुंब भरल्यावर हे काय करतं? थांबतं, टाकतं, की बाजूला साठवून ठेवतं? बाकीची सगळी पत्रकं चुलीत घाल.

लॉग एरवी कुणी वाचत नाही. साहेब वाचत नाही, तूही वाचणार नाहीस. ज्या दिवशी तो उघडून वाचतात त्या दिवशी कुणाची तरी वाट लागलेली असते आणि दहा माणसं टेबलाभोवती बसलेली असतात. त्या दिवशी कागदावर जे आहे तेच घडलं असं धरतात. जे कागदावर नाही ते घडलंच नाही. आणि गर्दीत ओळी टाकणारं सॉफ्टवेअर नेमक्या त्याच दिवसाच्या ओळी टाकतं, कारण वाट लागते तेव्हाच गर्दी असते.

कारकून घे. हळू वाटला तर चांगली डिस्क माग, मिळेपर्यंत साहेबाचं डोकं खा. ते तुला जमेल.

का, कशावरून, असं विचारत बसू नकोस. म्हातारा सांगतोय तर ऐकावं.

मामा


२ मार्च

मामा,

रागावू नकोस. तुझं ऐकायचं ठरवलं होतं, अगदी शपथेवर.

आठवडाभर कारकून लावून पाहिला. पहिले तीन दिवस गुण्यागोविंदाने गेले. चौथ्या दिवशी पावसाने रस्ते घसरडे झाले, फोन वाढले आणि सगळ्यांचे पडदे अडकायला लागले. पत्ता लिहून बटण दाबलं की दोन-तीन सेकंद नुसतं गोल गोल फिरतंय. कारकूनसाहेब आपली वही लिहीत बसलेत!

आमच्याकडे एक बाई आहेत. एकोणीस वर्षं फोनवर आहेत. आवाज इतका स्वच्छ आणि शांत की सगळे त्यांना 'रेडिओ' म्हणतात. लोक फोनवर रडत, ओरडत असतात आणि या म्हणतात, "मी इथेच आहे, सावकाश सांगा." समोरचा खरंच सावकाश बोलायला लागतो. मी नवीन होते तेव्हा त्यांनीच मला शेजारी बसवून सगळं दाखवलं, दुसरा हेडफोन लावून दिवसभर ऐकवलं. तर त्या उठून माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, तीन सेकंद म्हणजे तुला काही वाटत नसेल. तेवढ्यात घाबरलेला माणूस फोन ठेवून पळत सुटतो. मग मी कुणाला शोधू?"

त्याच दिवशी उडाणटप्पू लावला. पडदे पाण्यासारखे पळतायत. रेडिओबाईंनी मला चहा पाजला.

हो, ओळी टाकतो, पण क्वचित. टाकल्या की प्रामाणिकपणे लाल अक्षरांत सांगतोही, 'इतक्या ओळी गाळल्या'. फक्त ती लाल पट्टी साहेबांच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर झळकायची आणि ते दर वेळी केबिनमधून हाका मारायचे, "हे काय आहे? बंद पडलं का? पाहुणे आलेत, काय वाटेल त्यांना?" चौथ्यांदा हाक आल्यावर मी ती सूचनाच बंद करून टाकली. कटकट गेली.

एक विचारू? तू निवृत्तीला चार वर्षं असताना नोकरी का सोडलीस? आई म्हणते पाठदुखी. पण परवा आल्बममध्ये त्याच वर्षीचा फोटो सापडला, त्यात तू खांद्यावर मोठं कपाट घेऊन जिना चढतोयस.

भाची


११ मार्च

चि. बडबडीस,

निवड तुझी. मी कोण सांगणारा.

उडाणटप्पूच ठेवायचा असेल तर त्याच्यातसुद्धा जास्तीच्या ओळी डिस्कवर साठवायची सोय असते, ती चालू कर. आणि गाडी पाठवल्याच्या ओळी बाकीच्या कचऱ्यातून वेगळ्या काढून दुसऱ्या वाटेने ने.

ती लाल सूचना परत चालू कर. साहेबाचा पडदा खराब होत असेल तर साहेबाला दुसरा पडदा दे. तिकडे निसर्गाची चित्रं दाखव.

पाठ दुखत होती. अजून दुखते. कपाट रिकामं होतं.

मामा


२४ जून

मामा,

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. हे पत्रही मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय.

मागच्या बुधवारी दुपारी पुलावर बस उलटली. पाऊण तासात आमच्याकडे सहाशेच्या वर फोन आले. बसमधले, पुलावरचे, खालून जाणारे, सगळेच फोन करत होते. त्याच गर्दीत पावणेचारला एका बाईंचा फोन आला, त्या बसशी काही संबंध नसलेला. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, छातीत कळ येऊन दुकानातच बसकण मारली होती. तो फोन रेडिओबाईंनी घेतला. पत्ता बरोबर टिपला. त्या बाई गाडीची वाट बघत दुकानाच्या पायरीवर पन्नास मिनिटं उभ्या होत्या. दोनदा परत फोन केला, लागला नाही. शेवटी शेजाऱ्यांनी हातगाडीवरून नेलं. उशीर झाला होता. माणूस गेला.

लॉग काढला. फोन आल्याची ओळ आहे. पत्त्याची ओळ आहे. बटण दाबल्याची ओळ नाही.

रेडिओबाई म्हणतात, "मी दाबलं. मला आठवतंय, दाबून मी त्यांना म्हटलं, गाडी निघाली." सगळे म्हणतात गडबडीत राहिलं असेल, माणूस आहे. साहेब तर थेट म्हणाले, "यंत्र खोटं कशाला बोलेल?" सहा जुलैला चौकशी आहे. तोपर्यंत त्यांना घरी बसवलंय.

मामा, ती सूचना मी परत चालू केलीच नव्हती. डिस्कवर साठवायची सोय लावायला सर्व्हर बंद करावा लागत होता आणि साहेब वेळ देत नव्हते, ते मी एकवेळ सांगू शकते. पण सूचना चालू करायला एका फाइलीतला एक शब्द बदलायचा होता. कधीही करता आलं असतं. तुझं पत्र खणात होतं. आज करू, उद्या करू म्हणत मार्च ते जून गेले.

त्यामुळे त्या दुपारी उडाणटप्पूने ओळी टाकल्या की नाही, टाकल्या तर किती, हे कुठेच लिहिलेलं नाही. टाकल्या असतील असं मला मनातून वाटतंय. पण वाटतंय एवढंच. चौकशीत उभं राहून मी असं म्हणू का, की लॉगवर विश्वास ठेवू नका, मीच त्याचं तोंड दाबलं होतं? की खात्री नसताना बोलू नये? माझी नोकरी जाईल ते जाऊ दे (असं लिहितेय, पण खरंच जाऊ दे असं वाटत नाही). आईला काही सांगितलेलं नाही.

लवकर लिही. तू म्हणशील तसं करीन.

भाची


२९ जून

चि. भाचीस,

पत्र वाचलं. वाईट झालं.

पक्की खात्री झाल्याशिवाय चौकशीत काही बोलू नकोस. अर्धवट बोलण्याने त्या बाईंचं भलं व्हायचं नाही आणि तुझं मात्र नुकसान होईल. आधी नीट तपास. मग बघू.

जपून राहा. जेवत जा.

मामा


४ जुलै

माझ्या पोरी,

माझं मागचं पत्र फाडून टाक. ते मी भित्रेपणाने लिहिलं. टपालपेटीत टाकलं आणि पेटीच्या झाकणातून हात आत घालून पाहिला, परत निघतंय का म्हणून. एक बाई माझ्याकडे चोर असल्यासारखी बघत होती. बरोबरच बघत होती.

पाच दिवस झाले, मी हे लिहितोय आणि थांबतोय. आता लिहितोच.

मी वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात होतो हे तुला माहीत आहे. तिथला लॉग माझ्याकडे होता. बारा वर्षांपूर्वी मी उडाणटप्पूसारखंच एक सॉफ्टवेअर निवडलं, कारण वेग. तेही ओळी गाळल्या की सांगायचं. त्या सूचनांनी पानंच्या पानं भरायची आणि वरचे लोक विचारायचे, हा कचरा कसला? मी ती सूचना बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वच्छ लॉग दाखवायचा होता.

महिन्याभराने एका दुपारी वादळ झालं. सगळीकडून इशाऱ्यांचा नुसता भडिमार. आमच्या फोरमनने एक लाइन बंद केली आणि खाली कळवलं, चढा. वायरमन खांबावर चढला. लाइन चालू होती. त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

लॉगमध्ये लाइन बंद केल्याची ओळ नव्हती. फोरमन म्हणाला, मी बंद केली होती. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, केली होती असं मला वाटतंय. आठवड्याने म्हणाला, नसेन केली.

मी तपासलं. ओळींच्या क्रमांकांत तीनशे ओळींची खाच होती. मग खांबावर गेलो. तिथल्या स्विचच्या डब्यात एक साधा आकडा असतो, लाइन बंद झाली की तो एकाने वाढतो. वाढला होता. म्हणजे त्याने लाइन बंद केली होती आणि वादळात ती आपोआप परत चालू झाली. मी माझ्या साहेबाकडे गेलो. तो म्हणाला, "शंभर टक्के खात्री आहे? नाही ना? मग अर्धवट बोलून त्याचंही भलं नाही आणि तुमचंही." मला तेच ऐकायचं होतं. मी गप्प बसलो. फोरमनची बदली गोदामात झाली. तिथूनच तो निवृत्त झाला.

त्या वादळानंतर मी तिथे जेमतेम आठ महिने टिकलो. पाठ कधीच दुखत नव्हती.

आता तुझ्या लक्षात आलं असेल की मागच्या पत्रातलं वाक्य माझं नव्हतंच. माझ्या साहेबाचं वाक्य मी जसंच्या तसं तुझ्या हातात दिलं. आणि फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हा 'कशावरून असं विचारू नकोस' म्हणालो, कारण कशावरून ते सांगितलं असतं तर तुझ्या नजरेतून उतरलो असतो.

क्रमांक बघ. प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, खाच दिसेल. गाडीतला टॅबलेट बघ, त्यात निरोपाची काही खूण असेल. आणि खूण नसली तरी उभी राहा आणि बोल. मी शेजाऱ्याच्या फोनवरून आत्ता हे सांगू शकतो हे मला कळतंय. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. एवढं सगळं मोठ्याने बोलायचं मला होत नाही.

तुझा मामा


७ जुलै

मामा,

तुझं पत्र आज दुपारी आलं. चौकशी काल झाली.

मी काही बोलले नाही. रेडिओबाईंना कामावरून काढलं.

भाची


२ ऑगस्ट

मामा,

त्या दिवशी यापुढे एक अक्षर लिहवलं नाही. तुझा भयंकर राग आला होता. मग माझा आला. आता दोन्हींचं मिश्रण झालंय, त्यात कुणाचा किती ते मला सांगता येत नाही.

सात तारखेलाच संध्याकाळी कक्षात गेले आणि क्रमांक पाहिले. तीन वाजून त्रेचाळीस मिनिटांपासून पुढे मधूनमधून मिळून आठशे बारा ओळी नाहीत. किती वेळ लागला असेल हे बघायला? पाव तास. तो पाव तास मी दोन आठवडे पुढे ढकलत होते. तू सांगण्याआधीही मला क्रमांक ठाऊक होते ना! रोज बघते ते. पण बघितलं असतं तर खात्री झाली असती आणि खात्री झाली असती तर बोलावं लागलं असतं. तुझं 'खात्री झाल्याशिवाय बोलू नकोस' आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता? सगळं मिटल्यावर?" मी म्हटलं, मिटलेलं नाही, आणि सगळं लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. माझी निवड, माझी बंद केलेली सूचना, तारखेसकट. मग त्या दुकानाला सर्वांत जवळ असलेल्या सात नंबरच्या गाडीचा टॅबलेट उघडला. निरोप त्यात होता. दुकानाचा पत्ता, घड्याळजींच्या बायकोचा नंबर, सगळं. पावणेचार वाजून चाळीस सेकंदांनी पाठवलेला. गाडी तेव्हा पुलाखालच्या बोगद्यात अडकली होती, तिथे रेंज नाही. बाहेर आल्यावर ढीगभर निरोप एकदम आले आणि हा तळाशी राहिला, कुणी उघडलाच नाही. आधी कुणी टॅबलेट बघितलाही नाही, कारण लॉग म्हणत होता की निरोप गेलाच नाही. गाडीकडून पोच आली नाही अशी ओळही पडायला हवी होती. त्या आठशे बारांत तीही असणार.

म्हणजे बाईंनी चाळीस सेकंदांत बटण दाबलं होतं.

चौकशी पुन्हा झाली. त्यांचं नाव निर्दोष, सन्मानाने परत बोलवावं असा कागद निघाला. मला ताकीद मिळाली आणि लॉगचं काम काढून घेतलं. नोकरी राहिली. राहिली याचा आनंद झाला आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

तो कागद मीच घेऊन त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला. त्या इस्त्री करत होत्या. कागद वाचला, घडी घातली, टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "बस." मी सगळं सांगायला लागले तर म्हणाल्या, "मला माहीत होतं."

मी विचारलं, काय?

"त्या खोलीत सगळे लॉगच्या कागदाकडे बघत होते. मी एकटी तुझ्याकडे बघत होते. तू पाण्याचा ग्लास नुसता गोल गोल फिरवत होतीस. तेव्हाच कळलं, हिच्याजवळ काहीतरी आहे."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"वाटलं, बोलेल."

मामा, एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर फार बरं झालं असतं. मी रडले, त्यांनी मला पाणी दिलं. परत या म्हटलं तर मान हलवली. म्हणाल्या, "त्या घड्याळजींच्या बायकोने चौकशीच्या खोलीबाहेर गाठून मला विचारलं होतं, 'गाडी निघाली असं खोटं का सांगितलंत?' तेव्हापासून बोलताना आवाज कापतो. कापरा आवाज ऐकून समोरचा आणखी घाबरतो, या कामाला आता मी उपयोगाची नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते लवकर चालणारं मीच मागितलं होतं गं तुझ्याकडे. ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस."

त्यांची जागा अजून रिकामी आहे. हेडफोन कुणी लावत नाही.

तुझ्यावर सगळं ढकलत नाही. फेब्रुवारीतच तू फोरमनचं लिहिलं असतंस तर मी ती सूचना बंद केली नसती, हे खरं. पण चौकशीत बोलले असते असं छातीठोकपणे नाही सांगता येत.

पण एक आहे. माझ्या रेडिओबाईंना निदान कागद मिळाला. तुझा फोरमन आहे का अजून?

भाची


१९ ऑगस्ट

माझ्या पोरी,

आहे. शोधायला आठवडा लागला. काल जाऊन आलो.

आधी एक सांगतो. चार जुलैच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. तो वायरमन फोरमनचा मेहुणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. हे मला तेव्हाही माहीत होतं. लिहायला हात रेटला नाही.

फोरमनने मला दारातच ओळखलं. केस पांढरे झालेत, बाकी तसाच. माझा हात धरून आत नेलं आणि बायकोला म्हणाला, "अगं, हे बघ कोण आलंय. सांगायचो ना, त्या वेळी सगळे मला टाकून बोलले, एकट्या यांनी शब्दाने दुखावलं नाही." मी गप्प होतो ते त्याने असं समजून घेतलं होतं. बारा वर्षं त्याच्या घरात मी भला माणूस होतो.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. बंद केलेली सूचना, खाच, खांबावरचा आकडा. त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. पुन्हा सांगितलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे मी बंद केली होती?"

म्हटलं, हो.

"नक्की?"

म्हटलं, नक्की.

तो बायकोकडे वळला आणि म्हणाला, "अगं, मी बंद केली होती." परत तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला बोलता येईना. पोरी, एवढी वर्षं तो रोज स्वतःला समजावत होता की आपणच विसरलो. त्याला विसरल्याचं आठवतसुद्धा होतं म्हणे. बटणाकडे गेलेला हात आणि मध्येच आलेला फोन, असं सगळं चित्र त्याने स्वतःच तयार केलं होतं.

बायकोने मला एकच विचारलं. "तुम्हाला हे कधी कळलं?"

खोटं बोलायची सवय आहे मला. पण म्हणालो, "त्याच आठवड्यात."

तिने दाराजवळच्या चपला पुढे ओढल्या. मग म्हणाली, "माझा भाऊ पलीकडच्या गल्लीत राहतो. बारा वर्षांत या घराची पायरी चढलेला नाही. आमची आई गेली तेव्हा हे दोघे दोन टोकांना उभे होते आणि मी मध्ये." चपला पायांत सरकवल्या आणि मला म्हणाली, "चला. हे त्याला तुम्ही सांगायचं. आत्ता."

तिघे निघालो. दुसऱ्या मजल्यावर तिने बेल दाबली. भावाने डाव्या हाताने दार उघडलं. बहिणीला बघून हसला, मग तिच्यामागे फोरमन दिसला तसा चेहरा कठोर झाला. मी पुढे झालो आणि दारातच सगळं परत सांगितलं, तिसऱ्यांदा त्या दिवसात. मला वाटलं होतं तो मला मारेल. मारलं असतं तर मी हलणार नव्हतो.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. सगळं ऐकून घेतलं, फोरमनकडे वळला आणि दारातून बाजूला होत म्हणाला, "भावजी, आत या."

ते दोघे आत गेले. त्यांच्यामागून बहीण गेली. आणि तिने दार लावून घेतलं. मला कुणी बोलावलं नाही, बोलवायचं कारणही नव्हतं. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. आतून कुणीतरी मोठ्याने रडत होतं, कोण ते दाराबाहेरून कळत नव्हतं. मग मी जिना उतरून घरी आलो.

तुझा मामा